मिथेन मोजायला ड्रोन उडवण्याआधी

ड्रोनला लावायचा लेझर सेन्सर हातात आला की थेट कचरा डेपोवर, जिथे कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, जावंसं वाटतं, हे मी समजू शकतो. तरी पहिला आठवडा मोकळ्या मैदानावरच घालव.

तुझा सेन्सर खाली जमिनीकडे रोखलेला आहे. तो एका बिंदूवरचं प्रमाण सांगत नाही, किरणाच्या वाटेतला सगळा मिथेन एकत्र मोजतो, एकक पीपीएम-मीटर (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, त्याला किरणाच्या वाटेच्या मीटरमधल्या लांबीने गुणायचं). स्वच्छ हवेतही साधारण 1.9 पीपीएम मिथेन असतोच. म्हणजे 20 मीटरवरून 38 च्या आसपास आकडा दिसणार आणि 30 मीटरवर 57. गळती कुठेच नाही, फक्त उंची वाढली! नवखे इथेच फसतात. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत खालच्या पृष्ठभागापासूनची उंची हवीच. कचऱ्याचा ढीग उंचसखल असतो, त्यामुळे उड्डाण सुरू केलं तिथून मोजलेली उंची चालत नाही. साचलेल्या पाण्यावरून प्रकाश नीट परतत नाही, त्या नोंदी बाजूला काढ.

आणि वारा. याकडे दुर्लक्ष झालेलं मला अजिबात खपत नाही. वारा ज्या बाजूला वाहत जातो तिथे तेवढाच वायू दिसला, पण वाऱ्याचा वेग दुप्पट असेल, तर उत्सर्जनही दुप्पट निघतं. मी एकदा दूरच्या हवामान केंद्राची नोंद वापरली. ढिगाच्या आडोशाला वारा उलटा फिरत होता. दिवसभराची उड्डाणं बाद करावी लागली, फार वाईट वाटलं. वातमापक जागेवरच उभा कर.

ड्रोन नियम 2021 प्रमाणे जागा ड्रोन उड्डाणासाठी आखलेल्या हिरव्या, पिवळ्या की लाल हवाई विभागात येते, तेही निघण्याआधी नकाशावर बघून घे.