सी कयाक वळायला इतकी जड का जाते? तळाच्या आकाराचा किती हात असतो?

तुमची 17 फुटी सी कयाक (समुद्रात वल्हवायची लांब, अरुंद होडी) काही केल्या वळत नाही आणि सोबतच्या माणसाची तेवढ्याच लांबीची कयाक दोन-तीन स्ट्रोकमध्ये फिरते, तर फरक लांबीचा की आकाराचा, असं तुम्ही विचारलंय. लांबी सारखी असेल तर फरक बहुतेक आकाराचाच, आणि त्यातही सगळ्यात आधी रॉकरचा.

रॉकर म्हणजे बाजूने बघितल्यावर तळाची रेघ दोन्ही टोकांकडे किती वर उचललेली दिसते ते. दोन्ही कयाक सपाट जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा आणि खाली वाकून टोकांखालची फट बघा. जिची टोकं जमिनीपासून चांगली वर असतील ती लवकर वळणार, कारण पाण्यात तिची टोकं कमी बुडतात आणि वळताना आडवं ढकलायला पाणीही कमी लागतं. जिचा तळ जवळजवळ सरळ आहे ती पूर्ण 17 फूट पाण्याला धरून बसते. म्हणून ती सरळ मस्त जाते पण वळताना भांडते. लांबीचा आकडा बघून लोक बोट घेतात, पण पाण्यात प्रत्यक्षात किती लांबी बुडलीय ते महत्त्वाचं.

आता जे फार कमी लोक नीट समजावून सांगतात ते. कयाक पुढे जात असते तेव्हा तिचं पुढचं टोक न हललेल्या पाण्यात घुसत असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी दाब येतो आणि ते टोक जागच्या जागी अडकल्यासारखं होतं. मागचं टोक मात्र आधीच फाटलेल्या, ढवळलेल्या पाण्यातून जातं, तिथे पकड कमी, त्यामुळे ते सहज घसरतं. म्हणजे चालत्या कयाकचं वळण हे खरं तर शेपूट बाहेर घसरण्याचं वळण असतं, तोंड वळवत बसलात तर दमाल. म्हणूनच चालत्या बोटीत स्वीप (पॅडल म्हणजे वल्हं बोटीपासून लांब, अर्धगोलात फिरवायचा स्ट्रोक) मारताना पॅडल पार मागच्या टोकाजवळ येईपर्यंत ओढायचं, जोर त्या शेवटच्या भागात. आणि म्हणूनच मागचा तळ खोल आणि धारदार असेल किंवा स्केग (मागच्या तळाखालचं, वर-खाली करता येणारं पातं) खाली सोडलेला असेल तर ती घसरण थांबते आणि बोट हट्टाने सरळ जाते. (स्केग वर आहे ना ते आधी बघा, दगड-वाळू अडकून तो अर्धवट खाली राहिलेला असू शकतो.)

पण तळाचा आकार कायमचा ठरलेला नसतो, तो तुम्ही बसल्या बसल्या बदलू शकता, आणि मला तरी सी कयाकमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. एजिंग करा, म्हणजे शरीर सरळ ठेवून एक कुल्ला जड करायचा आणि दुसऱ्या बाजूचा गुडघा डेकखाली (बोटीच्या वरच्या झाकणाला आतून) वर दाबायचा, की बोट एका कुशीवर येते. वरून बघितलं तर कयाक मधे रुंद आणि टोकांना निमुळती असते, तर कुशीवर आली की तो बाजूचा फुगवटाच खाली जातो आणि तळ बनतो, टोकं सैल होतात, म्हणजे जणू जास्त रॉकरची बोट मिळते. उजवी कड खाली दाबली की बोट डावीकडे वळते, सायकलच्या उलट, आणि स्वीपही उजवीकडेच मारायचा. सरळ तळाच्या बोटीतसुद्धा यामुळे एवढा फरक पडतो की बोट बदलायच्या आधी हे पक्कं करा असंच मी सांगेन.

चाईन, म्हणजे बाजू आणि तळ मिळतो तो कोपरा, टोकदार की गोल यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. टोकदार चाईनची बोट कुशीवर टेकल्यासारखी स्थिर वाटते, गोल तळाची सलग कलत जाते, पण वळण्याच्या बाबतीत मी रॉकरला जास्त मार्क देईन.

सामानाचंही बघा. कॅम्पिंगचं ओझं भरलं की बोट खोल बसते, उचललेली टोकंही पाण्यात जातात आणि रॉकरचा फायदा बराचसा जातो. पुढे जास्त वजन असेल तर तोंड आणखी अडकतं, शेपूट हलकी होते, मग बाजूचा वारा शेपूट ढकलतो आणि बोट सारखी वारा जिकडून येतो तिकडे तोंड करते. मागे जास्त असेल तर उलट, वाऱ्याकडे वळणंच अवघड. दोन्ही बोटींची तुलना करताना सामान सारखं ठेवा.

आणि लाटा असतील तर स्वीप लाटेच्या माथ्यावर असताना मारा, तेव्हा दोन्ही टोकं पाण्याबाहेर असतात आणि सरळ तळाची बोटही एका स्ट्रोकमध्ये बरीच फिरते. खळग्यात मारलात तर दोन्ही टोकं लाटांत रुतलेली असतात, तिथे जोर वाया जातो.