झुडपातला डबा : जिओकॅशिंगवर तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जिओकॅशिंगवर दोन पानं काय छापली, तेव्हापासून पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज थांबायचं नावच घेत नाहीत. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतो, बाकीचे जीपीएसच्या भरवशावर तो हुडकतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तिथं, होता तसा ठेवून घरी येतात. बक्षीस-बिक्षीस काही नसतं. आता प्रश्न.

भाऊ, हे खूळ निघालं कुठून? आमचे बाबा म्हणतात रिकामटेकड्यांचे धंदे आहेत सगळे. — बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, आर्वी

बाबांना सांग, धंदा नाही, धंद्यात पैसे तरी मिळतात. जीपीएस हे मुळात अमेरिकन लष्कराचं, आणि सामान्य लोकांना जो सिग्नल मिळायचा तो ते लोक मुद्दाम बिघडवून सोडायचे, म्हणजे शंभर मीटर इकडे-तिकडे सहज. १ मे २००० ला अध्यक्ष क्लिंटन यांनी ते बिघडवणं बंद करायला लावलं, त्या मध्यरात्री जगभरातली यंत्रं एकदम दहा-वीस मीटरवर आली, आणि ३ मे ला डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला, बघू कोणाला सापडते का म्हणून. सापडली, तीही लगेच. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गुलेर आणि बीन्सचा डबा असलं काहीबाही होतं. आज जगात असे तीस लाखांच्या वर डबे आहेत. म्हणजे रिकामटेकडे बरेच आहेत, बाबांचं तेवढं बरोबर.

आमच्या गावामागं दूरवर झुडपी जंगल पसरलंय, ते कोणाचंच नाही, तिथं शाळेच्या पोरांसाठी एक डबा लपवला तर चालेल ना? — एक शिक्षक, नागभीड तालुका

गुरुजी, सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. "कोणाचंच नाही" हे आधी डोक्यातून काढा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसूल रेकॉर्डलाच झुडपी जंगल अशी नोंद आहे, मुरमाड जमीन, शेतीला नालायक, त्यावर खुरटी झाडं-झुडपं. तिचं मालक कोण, महसूल की वन, यावर वर्षानुवर्षं ओढाताण चालली आणि २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की ही जमीन वन कायद्याच्या दृष्टीने जंगलच आहे. तेव्हा बीट गार्डला विचारल्याशिवाय तिथं काही ठेवू नका, डबा असो की दगड. खेळाच्या नियमातही जागेच्या मालकाची परवानगी लागतेच, आणि डबा जमिनीत पुरायचा नाही हाही नियमच. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्प असेल तर विषयच संपला, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथं परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही.

दुसरं, तुमचा पट्टा ब्रह्मपुरीच्या बाजूचा. वाघ तिथं फक्त ताडोबाच्या गेटाच्या आत राहतो असं नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला बाया पहाटेच निघतात, मे मध्ये तेंदूपत्ता, आणि हल्ल्याच्या बातम्या याच दिवसांत वाढतात कारण माणूस वाकून, मान खाली घालून, झुडपाआड एकटा काम करत असतो. आता सांगा, डबा शोधणारा पोरगा काय करतो? वाकतो, मान खाली घालतो, झुडपाआड घुसतो, आणि लक्ष सगळं मोबाईलवर. म्हणून म्हणतो पोरांसाठी डबा झुडपात नकोच, पांदणीच्या कडेला, तलावाच्या पाळीवर, जुन्या विहिरीपासून लांब, देवळामागच्या चिंचेखाली ठेवा, आणि वेळ सकाळी नऊनंतर ते दुपारी चारच्या आत. शोधायची मजा अडचणीच्या जागेत नसते, लपवणाऱ्याच्या डोक्यात असते. शाळेच्या कंपाउंडबाहेर पन्नास पावलांवर लपवलेला डबा तासभर न सापडलेला मी पाहिला आहे, फांदीच्या ढोलीत, वरून पळसाच्या सालीचा तुकडा दोऱ्याने अडकवलेला, दहा जण त्याच झाडाला टेकून बसले होते.

तिसरी गोष्ट गुराख्याची. तुम्ही कितीही हुशारीने लपवा, गुराख्याला डबा पहिल्या दिवशी दिसणार, कारण रानात कालपर्यंत काय नव्हतं हे त्यालाच माहीत असतं. एका गावात डबा ठेवून महिना झाला तरी वहीवर एकही नाव नाही म्हणून आम्ही बघायला गेलो तर गुराख्याने तो काढून त्यात तंबाखू-चुना ठेवला होता, वर म्हणतो कसा, "मले वाटलं सरपंचानं माह्यासाठीच ठेवला, पान्यात भिजत नाही ना थो." आता यात त्याचं काय चुकलं? त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा ग्रामपंचायतीत सांगा, गुराख्यांना सांगा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा की हा खेळाचा डबा आहे, सोबत तुमचं नाव-नंबर. गुराख्यालाच डब्याचा राखणदार केला तर सोन्याहून पिवळं.

आणि स्टीलचा टिफिन चुकूनसुद्धा वापरू नका. बेवारस टिफिन पाहून लोकांच्या मनात काय येतं हे गडचिरोलीकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, तिकडे हा खेळ रानात नकोच. इंग्लंडातल्या वेदरबी गावात २०११ साली अशाच एका डब्यासाठी रस्ता बंद करून बॉम्ब पथकाने तो उडवून दिला होता, निघाला खेळाचा डबा. आतलं दिसेल असा पारदर्शक प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा घ्या.

दिलेला आकडा मोबाईलमध्ये टाकला अन् आम्ही चौघं गाडीवर भलत्याच तालुक्यात पोचलो. ॲप खराब आहे का? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, दारव्हा

ॲप बरं आहे बाबा, आकडा लिहायची पद्धत पाह्यली नाही तुम्ही. गुगल मॅप अंशाचे दशांश देतो, म्हणजे २०.४५ अंश. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि मिनिटं असतात, मिनिटांना पुढे तीन दशांश, म्हणजे २०° ४५.०००′ असं. एका अंशात साठ मिनिटं, तर २०.४५ अंश म्हणजे २०° २७′ झाले, ४५′ नव्हे. फरक अठरा मिनिटांचा, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर, म्हणजे तेहतीस किलोमीटर उत्तर-दक्षिण चूक. इंजिनिअर होणार आहात ना, मग पेट्रोल जाळायच्या आधी ०.४५ गुणिले ६० करायला काय हरकत होती?

बरं, आकडा बरोबर टाकला तरी शेवटचे दहा मीटर मोबाईल दाखवत नसतो हेही ऐकून ठेवा. उघड्या वावरात पाच मीटरपर्यंत येतो, पण नाल्यात उतरलात किंवा पावसाळ्यात सागाच्या दाट पानांखाली गेलात की सिग्नल काठावरून, खडकावरून आपटून येतो आणि बाण गोल-गोल फिरायला लागतो. काही पोरं त्या बाणामागे झुडपातून गरागरा फिरत बसतात. तसं करू नका, दहा मीटर राहिले की फोन खिशात टाका आणि नुसतं उभं राहून बघा, की कोणता दगड उन्हात पांढरा पडलेला नाही, म्हणजे नुकताच उलटवलेला आहे, कुठं पाला हाताने सारल्यासारखा आहे, कोणत्या ढोलीच्या तोंडाशी साल जरा जास्तच नीट बसली आहे. फेब्रुवारी-मार्चनंतर साग उघडा पडतो तेव्हा सिग्नलही बरा आणि नजरही लांब जाते, फक्त ऊन सोसायची तयारी ठेवा.

आणि रेंजचं पण सगळे विचारतात. जीपीएसला रेंज लागत नाही, फोन फक्त उपग्रहांचं ऐकत असतो. नकाशा घरूनच डाउनलोड करून न्या, डांबरी सोडायच्या आधी लोकेशन एकदा पकडू द्या कारण रेंज नसली की पहिल्यांदा पकडायला वेळ खातो, मग फ्लाइट मोड टाका, बॅटरी दिवसभर पुरते.

माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, दिवाळीत आला की मित्रांना घेऊन मेळघाटात डबे शोधायला जातो म्हणतो. जाऊ देऊ का? — एक आई, परतवाडा

ताई, जाऊ द्या, पण कुठं ते आधी विचारा. मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊमधला, त्याच्या आत पायी हिंडणं जमणारच नाही. चिखलदऱ्याच्या बाजूला, जिथं लोकांचं जाणं-येणं आहे तिथं परवानगीचं बघून फिरता येईल. गाविलगडाकडे आणि सगळ्या कड्यांवर आग्यामोहोळ असतं, तेव्हा सेंट-बिंट मारून जाऊ नको म्हणा आणि कड्याखाली सिगारेट तर मुळीच नको (ओढत नाही असं तो सांगेल तरी सांगा). कोणत्याही भोकात, कपारीत, दगडाखाली आधी काठी आणि मग हात. साप चावलाच तर कापाकापी नाही, दोरी आवळणं नाही, बाबा-भगत नाही, सरळ सरकारी दवाखाना.

वाघापेक्षा मला वैयक्तिक भीती बारीक किड्याची जास्त वाटते. पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढलेल्या गवतात, झुडपात चिगर नावाचा डोळ्यांना न दिसणारा किडा असतो, तो चावला की स्क्रब टायफस होऊ शकतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूला याने माणसं गेली आहेत. चावल्यावर साधारण दहा दिवसांनी ताप, डोकेदुखी, आणि काखेत, जांघेत किंवा कंबरेपाशी सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपला. सगळ्यांना तो डाग येतोच असं नाही. वेळेत कळलं तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो, पण पोरगा तोवर पुण्याला पोचलेला असतो आणि डॉक्टरला रानात गेलो होतो हे सांगतच नाही, डेंग्यूच्या टेस्टा चालू राहतात. तेवढं त्याच्या डोक्यात घाला. पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पॅन्ट, घरी आल्याबरोबर आंघोळ आणि कपडे वेगळे धुवायला. बाकी पोरगा मोठा आहे.

जावईबापू अमेरिकेतून सॅटेलाइट मेसेंजर पाठवतो म्हणतात, रानात रेंज नसली तरी मेसेज जातो म्हणे. मागवू का? — निवृत्त तलाठी, साकोली

काका, अजिबात नको! तिकडे दुकानात मिळत असेल, आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या लायसन्सशिवाय असलं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, परदेशी पाहुण्यांना विमानतळावर यासाठी अटक झालेली आहे. जावयाला म्हणा चांगला टॉर्च पाठवा. आणि निघताना कुठं चाललो, किती वाजता परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवा, त्याला लायसन्स लागत नाही.

डब्यात काय ठेवायचं? मी चॉकलेट ठेवू का? — इयत्ता सातवी, तुमसर

चॉकलेट नको रे राजा, खायचं काहीच नको. वास मुंग्यांना येतो, रानडुकराला येतो, अस्वलाला तर फारच लांबून येतो, आणि अस्वल झाकण उघडत नाही, डबाच फोडतं. अगरबत्ती, साबण, अत्तरही नको. गोटी, बिल्ला, छोटी गाडी, जुनं नाणं असं ठेव. नियम असा की एक वस्तू घेतली तर तेवढ्याच तोलामोलाची दुसरी ठेवायची, नाहीतर नुसतं नाव लिहून यायचं. पेन ठेवू नको, ओल धरली की शाई पसरते, पेन्सिल ठेव, आणि वही झिपच्या पिशवीत. नव्या बुटांच्या खोक्यात ती बारीक पांढऱ्या दाण्यांची पुडी येते ना, फेकायची नाही, ती पण टाक आत, ओल शोषून घेते. पण ती पुडी खायची नसते, लहान बहीण असेल तर तिलाही सांग.

एवढी परवानग्यांची कटकट असेल तर डब्याशिवाय हा खेळ नाही का खेळता येत? — मेहकरहून एक वाचक

येतो की, आणि तुम्ही तर लोणारच्या उशाला राहता. २००४ पासून अर्थकॅश नावाचा प्रकार आहे, अमेरिकेतल्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या मदतीने सुरू झालेला. त्यात डबा नसतोच. दिलेल्या जागी जायचं, तिथला दगड, माती, पाणी बघायचं आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठवायचं, उचलायचं काही नाही, ठेवायचंही काही नाही. अभयारण्यातला दगड उचलला तर गुन्हा होतो तो प्रश्नही मिटला, जिथं लोकांना जायची मुभा आहे त्या वाटेवरूनच सगळं बघायचं.

लोणारवर प्रश्न काढायचा तर मी हा काढेन. आपल्याकडचा काळा बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांचा, एकावर एक आडवे पसरलेले, बुलढाण्यातली कोणतीही विहीर किंवा रस्त्याची कटिंग बघा, थर आडवेच दिसतील. पण उल्का आदळून जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला तेव्हा त्या दणक्याने काठावरचे थर उचलले गेले, ते आता आडवे राहिलेले नाहीत. काठावर उभं राहून बघायचं की ते कोणत्या बाजूला कललेत, आत तळ्याकडे की बाहेर शेतांकडे, आणि तसंच का. बहुतेक लोक न बघताच तळ्याकडे म्हणून सांगतात. तुम्ही बघून सांगा, पुढच्या अंकात छापतो.