फोस्टर केअरमध्ये घ्यायचं मूल मानसिकदृष्ट्या ठीक आहे की नाही, हे आधी कसं तपासावं?

तुम्ही लिहिलंय, वय 38, लग्न केलेलं नाही, साताऱ्यात नोकरी. एखादं मूल दत्तक न घेता काही वर्षं घरी सांभाळायचंय, म्हणजेच फोस्टर केअर, फक्त ते 'डोक्यानं ठीक' असल्याची खात्री आधी हवी. या शब्दावरून आमच्या घरात फार भांडणं झालीत, म्हणून लिहायला बसले.

साताऱ्यातल्याच गोडोलीत आमच्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा असाच फोस्टर केअरमध्ये चौदा महिने होता. नाव सांगणार नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम 74 मुळे सांगताही येत नाही. आला तेव्हा इतका शहाण्यासारखा वागायचा की शेजारणी कौतुक करायच्या. ताटसुद्धा स्वतः घासायचा. पंधरा दिवसांनी लक्षात आलं, सगळे झोपले की हा उठून स्वयंपाकघरात जातो. दुरडीवरचं फडकं उचलतो, भाकऱ्या बोटानं मोजतो, फडकं होतं तसं खोचतो आणि येऊन झोपतो. खात काही नाही. तिसऱ्या रात्री मी दिवा लावला आणि ओरडले, "काय चोरतोस रे?"

त्याची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून तो स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेना. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं.

सिव्हिलला केसपेपर काढला, मानसोपचार विभागात नेलं. गोळी एकही दिली नाही. समुपदेशक ताईंनी मला बाहेर बसवलं, त्याच्याबरोबर चित्रं काढली आणि मग मला सांगितलं, सकाळी खायला उरलंय का एवढंच बघतोय तो. मोजू दे. ते कामच त्याच्याकडे सोपव. त्या रात्रीपासून, "काकू, चार आहेत." मी म्हणायचे, "त्यातल्या दोन सकाळी तुझ्या." अडीच महिन्यांनी एकदा टीव्ही बघता बघता न मोजताच झोपला. मी दुरडीपाशी बसून रडले.

माझे मोठे दीर मात्र अजून म्हणतात, डोक्याच्या डॉक्टरकडे नेऊन पोराच्या कपाळी शिक्का मारलात. भाऊजींचा धाकटा बारावीला असताना महिनाभर खोलीबाहेर येत नव्हता. तेव्हा देवऋषी झाला, अंगारे-धुपारे झाले, डॉक्टर तेवढा राहिला. पोरगं आज पंचविशीचं आहे आणि अजून चार माणसांत बसत नाही. शिक्का कुणी मारला मग? 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी तो त्यांच्या फ्रिजवर चिकटवून आले होते. काढून टाकला.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल, तर मूल पारखून मिळत नाही. निराधार, अडचणीतल्या मुलांनी कुठं राहायचं हे जिल्ह्यात बाल कल्याण समिती ठरवते; तिच्याकडे जे मूल पोचतं, त्याच्या वाट्याला काहीतरी आलेलंच असतं. तब्येतीची, शाळेची आणि आधीच्या घरची माहिती जरूर मागा, पण ती नापसंतीसाठी नको, सांभाळण्यासाठी हवी. चौकशी खरं तर तुमची होते. घर बघतात, मिळकत बघतात, आणि मूल आल्यावर दर महिन्याला पाहणी असते. केंद्र सरकारच्या 2024 च्या सुधारित सूचनांनुसार 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येतं, तेव्हा लग्नाची अडचण नाही. नोंदणी आता 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या वेबसाइटवर ऑनलाइन होते; चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करा.

सगळ्याच मुलांना डॉक्टर लागतो असं नाही, हेही सांगते. काहींना नुसतं वेळेवर जेवण आणि एकच माणूस रोज दिसणं पुरतं. पण झोप, लघवी, जेवण यात बदल दिसला तर महिनाभर थांबू नका. आणि फोस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे. आमच्या मुलाची आई बरी झाली, समितीनं आदेश दिला, तो गेला. आता आईला राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतून त्याच्यासाठी महिन्याला 2250 रुपये मिळतात. ती शिवणकाम करते, दोघांचं भागतं.

निघताना त्यानं मला दुरडी मागितली. मी दिली. भाऊजी म्हणाले, बघा, शेवटी वस्तू घेऊनच गेला.