घराची जमिनीखालची जुनी नळाची लाईन गळते आहे. दुरुस्त करावी की पूर्ण बदलावी?

पूर्ण बदला. तुम्ही लिहिलंय त्यावरून घर १९८६ च्या आसपासचं आहे, रस्त्यापासून अंगणातल्या हौदापर्यंत अंदाजे साठ फूट अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आहे, दोन ठिकाणी क्लॅम्प (गळतीवर आवळायची पट्टी) मारून झालेत, आता तिसरीकडे ओल दिसते आणि नळाला पाणी सुटलं की सुरुवातीला तांबूस, गढूळ येतं. या लाईनीवर आणखी एक रुपया घालू नका. प्लंबर म्हणतोय "एवढा एक जॉइंट करून बघू", तर त्याच्या हिशोबाने त्याचं बरोबरच आहे.

सांगलीत माझं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे. जीआयला मारायचा क्लॅम्प आणि रबराची पट्टी न्यायला आलेलं गिऱ्हाईक पुढच्या उन्हाळ्यात त्याच मापाचा क्लॅम्प न्यायला परत येतं. कारण साधं आहे. जीआय म्हणजे लोखंडी पाइपावर जस्ताचा थर. तो थर आहे तोवर लोखंड सुरक्षित. तुमच्या सगळ्या पाइपाचं वय एकच, माती एकच, त्यामुळे जस्तही सगळीकडून एकाच सुमारास संपतं. पहिली भोकं सॉकेटजवळ, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या तुकड्याजवळ पडतात, कारण आटे पाडताना तिथलं जस्त निघून गेलेलं असतं आणि पाइपाची जाडीही कमी झालेली असते. तुमचा प्लंबर एक सॉकेट सोडवायला दोन पाने लावून जोर देतो तेव्हा शेजारचा गंजलेला जॉइंटही हलतो. महिन्याभराने तिथे ओल आली की आपण म्हणतो, नशीबच वाईट!

खोदायच्या आधी गळती नेमकी कुठे आहे ते बघून घ्या, कारण खर्च आणि परवानगी त्यावर ठरते. पाणी सुटलेल्या वेळात हौदाचा बॉल कॉक (तरंगत्या गोळ्याचा नळ) वर बांधून बंद करा, घरात येणारी बाकीची तोटी बंद करा आणि मीटर बघा. मीटरच्या काचेत एक छोटी चक्री असते. सगळं बंद असून ती फिरत असेल तर गळती मीटर आणि हौद यांच्यामध्ये, म्हणजे तुमच्या अंगणात. चक्री थांबली आणि तरी ओल असेल तर गळती मीटरच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला. मीटरच नसेल तर २० लिटरची बादली घ्या. गेटजवळ लाईन जिथे उघडी मिळते तिथे ती भरायला किती वेळ लागतो आणि हौदाच्या तोंडाशी किती, ते मोजा. फरक मोठा आला तर मधे पाणी जातंय किंवा पाइप आतून गंजाने भरलाय. दोन्हीचं औषध एकच.

अंगणातली ओल नळाच्या पाण्याची की शेजारच्या सेप्टिक टँकची, अशी शंका असेल तर खड्ड्यात साठलेल्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे रंगावरून क्लोरीन ओळखायची चाचणी, करून बघा. ग्रामपंचायतीचे पाणीवाले आणि आरोग्य सेवक वापरतात तीच बाटली. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, म्हणजे पाणी नळाचं. रंग नाही आला म्हणून सुटलात असं मात्र नाही, मातीतून झिरपताना क्लोरीन संपून जातं.

गढूळ पाण्याचा मुद्दा तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलाय. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास येतं. येतं तेव्हा भोकातून पाणी बाहेर जातं. बंद झाल्यावर लाईन रिकामी होताना आत ओढ तयार होते आणि बाहेर जे काही साठलंय ते त्याच भोकातून आत येतं. बाहेर गटार असेल तर गटार. जुन्या वस्त्यांत नळाची लाईन गटाराच्या आतून आरपार गेलेली सर्रास दिसते, कारण त्या काळी गटार फोडण्यापेक्षा तेच सोपं होतं. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती, आमच्या भागात ती अजून कुणी विसरलेलं नाही. आणि तुम्ही लाईनीला थेट मोटर लावत असाल तर आधी ती काढा. ती नियमाने बंदच आहे, पालिका जप्तही करते, पण त्याहून वाईट म्हणजे पाणी कमी पडलं की ती भोकातून चिखल ओढते. लाईन बदलेपर्यंत प्यायचं पाणी उकळून घ्या, आणि सुरुवातीचं गढूळ पाणी हौदात न सोडता झाडांना घाला.

दुरुस्ती कधी पुरते तेही सांगतो, नाहीतर म्हणाल दुकानदार माल खपवतोय. लाईन प्लास्टिकची असेल, चांगली असेल आणि केबलवाल्याच्या पहारीने किंवा जेसीबीने एका जागी तुटली असेल, तर तेवढा तुकडा कापून दोन कपलर (जोडायचे तुकडे) टाका आणि विसरून जा. जीआयलाही, जमिनीवरच्या उघड्या भागात गळत असेल तर तेवढा तुकडा बदलता येतो. जमिनीखालच्या चाळीस वर्षांच्या जीआयला नाही. शिवाय या कामात पाइप ही सगळ्यात स्वस्त गोष्ट असते. एमडीपीईचा (लवचिक प्लास्टिकचा) अर्धा इंची पाइप मीटरला दोन आकडी रुपयांत मिळतो. पैसे जातात ते खोदाई, फरशी-कोबा फोडून परत करणं आणि रस्ता दुरुस्तीचं शुल्क यांत. क्लॅम्पसाठी खोदलं तरी त्यातले बरेचसे जातातच.

आता पाइप. निळा एमडीपीई किंवा निळ्या पट्ट्यांचा काळा एचडीपीई घ्या. नागपुरात २४ तास पाण्याच्या योजनेत घरोघरच्या जुन्या जोडण्या बदलताना एमडीपीईच टाकला. तो गुंडाळीत येतो, म्हणून मीटरपासून हौदापर्यंत जमिनीखाली एकही जॉइंट न ठेवता एकसंध टाकता येतो. मला विचाराल तर हा एकच गुण पुरेसा आहे. पीव्हीसी स्वस्त पडतो, पण २० फुटी नळ्या येतात, म्हणजे साठ फुटांत जॉइंट आलेच, आणि गेटखाली गाडीच्या वजनाने तो तडकतो. सीपीव्हीसी घरातल्या गरम पाण्यासाठी, जमिनीखाली त्याचं काम नाही.

माप सांगताना काउंटरवर रोज एक घोळ होतो. जीआयचं २० एमएम म्हणजे पाऊण इंच, आणि ते आतल्या भोकाच्या हिशोबाचं माप. एमडीपीईचं २० एमएम हे बाहेरचं माप. भिंत दोन मिलिमीटरहून थोडी जास्त, म्हणजे आत राहतात पंधराएक, थोडक्यात अर्धा इंच. पाऊण इंच हवा असेल तर २५ एमएमचा मागा. आणि तुम्ही तो मागावाच असं माझं म्हणणं आहे. मेन लाईनीवरचं फेरूल (जिथून तुमची जोडणी निघते तो तुकडा) आणि मीटर अर्धा इंचीच राहील, मंजुरी तेवढीच असते. पण मीटरच्या पुढे साठ फूट पाऊण इंच टाकला तर तेवढंच पाणी नेताना घर्षणात वाया जाणारा दाब जवळजवळ पावपट होतो. तुमच्याकडे दाब कमी आहे असं तुम्हीच लिहिलंय. पाइपावर आयएसआयचा शिक्का आणि प्रेशरचं रेटिंग छापलेलं बघून घ्या. न छापलेला माल भंगार वितळवून केलेला असतो, तो शेताला ठीक, प्यायच्या पाण्याला नको.

टाकताना चर अंगणात निदान दीड-दोन फूट, गाडी जाते तिथे तीन फूट खोल घ्या. तुमच्याकडे काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाला वर्षभर ओढत-ढकलत राहते. म्हणून तळाला चार इंच मुरूम किंवा क्रश सँड पसरा, पाइप ताणून सरळ न टाकता किंचित नागमोडी सोडा, वर पुन्हा तोच भर घाला आणि मग खोदलेली माती लोटा. विटांचे तुकडे, गवंड्याचा राडारोडा त्यात जाऊ देऊ नका. गवंडी तिथेच उभा राहून लोटतो, तेव्हा तुम्हीही तिथे उभे राहा. गेट, पायऱ्या आणि कोब्याखाली आधी दोन इंची पाइपाचं स्लीव्ह टाकून त्यातून लाईन ओढून घ्या. पुन्हा कधी बदलायची वेळ आली तर काही फोडावं लागणार नाही.

गटारापासून दूर हा नियम मोडू नका. मैलावाहिनीपासून आडवं ३ मीटर अंतर हवं, असं केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या नियमावलीत आहे. गल्लीत एवढी जागा कुठे, हे मान्य. मग निदान गटार ओलांडताना त्याच्या वरून, स्लीव्हमधून आणि मधे जॉइंट न ठेवता ओलांडा. शक्य असेल तर जुन्या चरातून न जाता अंगणाच्या दुसऱ्या कडेने नवीन लाईन घ्या. जुनी चालू ठेवून नवी पूर्ण करता येते, घर कोरडं पडत नाही.

रस्त्याच्या बाजूचं काम स्वतः उरकू नका. पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात अर्ज, पाणीपट्टी-घरपट्टीच्या पावत्या, परवानाधारक प्लंबरची सही आणि खोदाईचं शुल्क, असं साधारण असतं. बहुतेक ठिकाणी मेन लाईनीपासून घरापर्यंतच्या जोडणीचा खर्च मालकाच्याच माथी येतो. पावसाळ्यात रस्ता खोदाईची परवानगी सहसा बंद असते, आणि मे महिन्यात काळी माती पहारीला दाद देत नाही, म्हणून दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तुमच्या गल्लीचं काँक्रीटीकरण होणार असेल तर मात्र वाट बघू नका, त्याआधी उरका. नंतर तो रस्ता फोडायला कोणी परवानगी देणार नाही आणि दिली तरी शुल्क ऐकून बसाल.

रस्त्याचं काम करणाऱ्या माणसांकडून एक काम आवर्जून करून घ्या: जुनं फेरूल मेन लाईनीवरच बंद करायला लावा. कंपाउंडपाशी जुना पाइप ठोकून, चेपून सोडून देतात. मग रस्त्याखालचा तो मेलेला तुकडा गळत आणि घाण ओढत राहतो, तुमच्यासाठी आणि सगळ्या गल्लीसाठी.

मीटर जमिनीच्या वर, आडवा, तबकडी वरच्या बाजूला अशी बसवा. त्याच्या दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि हौदाच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा. जीआयला सफेदा-सुतळी लावायची सवय असलेला माणूस प्लास्टिकच्या आट्यांनाही तेच करून पाना मारतो आणि अडॅप्टर चिरतो. तिथे टेफ्लॉन टेप, आणि हाताने आवळून वर थोडासाच पाना. चर बुजवण्याआधी निदान एक पाळी पाणी येऊन जाऊ द्या आणि सगळे जॉइंट कोरडे आहेत ना ते कागद फिरवून बघा. मग भिंतीपासून टेपने अंतर धरून फोटो काढा.

आणि इलेक्ट्रिशियनला विसरू नका. तुमच्या घराएवढ्या जुन्या घरांत आर्थिंगची तार पुष्कळदा नळाच्या जीआय पाइपालाच गुंडाळलेली असते, मोरीच्या मागे किंवा हौदापाशी हिरवी वा उघडी तार दिसेल. पाइप प्लास्टिकचा झाला की त्या तारेचा जमिनीशी संबंध तुटतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. गीझरला किंवा वॉशिंग मशीनला शॉक लागेपर्यंत सगळं ठीकच दिसतं. तशी तार निघाली तर जुना पाइप तोडण्याआधी आर्थिंगचा वेगळा खड्डा करून घ्या. चर खणायला माणसं आलेलीच आहेत, त्यांच्याकडून तोही खणून होईल.