चकमक झाली की एन्काउंटर केला?

सांगलीहून एका वाचकाने विचारले आहे : "बातमीत 'पोलीस चकमकीत आरोपी ठार' असे छापून येते. घरी मात्र आपण 'त्याचा एन्काउंटर केला' म्हणतो. मग 'चकमक' हा 'एन्काउंटर'चा बरोबर प्रतिशब्द आहे का? आणि तो मूळ मराठी आहे का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. शब्द मूळचा तुर्की, आपल्याकडे आला तो फारसीच्या वाटेने. तुर्की लोक आजही सिगारेट पेटवायच्या लायटरला 'चाकमाक' म्हणतात. आपल्याकडे काडेपेटी येण्याआधी चंचीत तंबाखूशेजारी एक लोखंडी पट्टी, गारगोटी आणि चिमूटभर कापूस असायचा. माण-खटावच्या माळावर मेंढरे राखणाऱ्या म्हाताऱ्यांकडे तर हमखास. कापूस गारेला लावून धरायचा आणि वरून पट्टी मारायची. ती चकमक. लढाईतल्या झटापटीला हे नाव मिळाले ते या आघातावरून, म्हणूनच चकमक 'उडते' किंवा 'झडते'. ही क्रियापदे ठिणगीचीच आहेत. पट्टी एकटी ठिणगी पाडत नाही आणि गारही एकटी पाडत नाही. या शब्दात दोन्ही बाजूंचा आघात गृहीत आहे.

आता पहिला प्रश्न. इथे मला व्याकरणच साक्षीला बोलवावेसे वाटते. 'दरोडेखोरांशी पोलिसांची चकमक उडाली' हे वाक्य 'शी'शिवाय उभे राहत नाही. समोर कोणीतरी लढणारा लागतोच. 'एन्काउंटर'चे मूळ इंग्रजीतही अचानक गाठ पडणे, सामना होणे असेच आहे. पण मराठी माणसाने तो शब्द उचलला आणि त्याला 'चा' लावला : 'त्याचा एन्काउंटर केला.' कोणी 'त्याच्याशी एन्काउंटर झाला' म्हणताना मी ऐकलेले नाही. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात दोघांची झुंज नसते, एकाने दुसऱ्याचे काहीतरी 'केलेले' असते. 'त्याचा खून केला', 'त्याचा एन्काउंटर केला' : रचना एकच. कोणत्याही कोशकाराने हे ठरवलेले नाही. मुंबईतल्या बातम्या वाचून वाचून लोकभाषेनेच ते ठरवले.

त्यामुळे हे दोन शब्द एकमेकांचे प्रतिशब्द नाहीत. 'चकमक' म्हटले की समोरूनही गोळी आली, हे तुम्ही चौकशीआधीच मान्य करून बसता. 'एन्काउंटर केला' म्हटले की ती आली नाही, हे मान्य करता. घटनेच्या दुसऱ्या दिवशी बातमी लिहिणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते.

आपल्या भागाकडे तिसरा आणि नेमका शब्द आहे : गोळीबार. सप्टेंबर 1942 मध्ये वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी, तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या इस्लामपुरात तेच घडले. या प्रसंगांना खटाव-वाळव्यात कोणी 'चकमक' म्हणत नाही, 'वडूजचा गोळीबार' म्हणतात. गोळी कोणी झाडली, हे सांगायला तो शब्द कचरत नाही.

कायदाही या बाबतीत शब्दांना जपून आहे. पोलिसाला 'एन्काउंटर' नावाचा वेगळा अधिकार कुठल्याही कलमात नाही. त्याला स्वसंरक्षणाचा हक्क आहे, तो तुम्हा-आम्हालाही आहे. अटकेला विरोध झाला तर आवश्यक तेवढे बळ वापरता येते. पण ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना जीव घेण्याची मुभा कायदा देत नाही. मुंबईत 1995 ते 1997 या काळातल्या सुमारे 99 चकमकींमध्ये जवळपास 135 माणसे मेली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी 16 निर्देश दिले. गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी करायची, आणि घटनेपाठोपाठ लगेच बढती वा शौर्यपदक द्यायचे नाही.

आणि पोलिसांच्या बाजूने पाहायचे तर 'बंदोबस्त' हा शब्द बघा. फारसीत बांधणे-आवळणे, आपल्याकडे व्यवस्था. साताऱ्यात आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहतात. त्यांची निम्मी नोकरी या शब्दात गेली : लोणंद-फलटणला पालखीचा बंदोबस्त, मांढरदेवीच्या जत्रेचा, गणपतीचा, निवडणुकीचा. रजा रद्द, जेवण उभ्याने, झोप गाडीत. पण गावात एखादा भयंकर गुन्हा घडला की लोक ठाण्यासमोर जमून ओरडतात, "त्याचा बंदोबस्त करा!" इथे पुन्हा तो 'चा' आला, आणि अर्थ पार बदलला. हवालदार मला म्हणाले, "लोकांना तपास नको असतो, निकाल हवा असतो, तोही आमच्या हातून. पुढं चौकशीला उभा राहतो तो आमच्या खात्यातला पोरगा." त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होते. हा दबाव खरा आहे, आणि तो आपल्याच भाषेतून ठाण्यापर्यंत पोचतो.

तेव्हा चौकशी होईपर्यंत 'पोलिसांच्या गोळीबारात संशयिताचा मृत्यू' असे लिहावे. 'आरोपी' हा शब्द त्याच्यावर खरोखर आरोप ठेवलेला असेल तरच वापरावा. समोरूनही गोळी आल्याचे सिद्ध झाले, की 'चकमक' खुशाल लिहा, तो शब्द तेव्हा अगदी खरा असतो. आणि पोलीस तसे सांगत असतील तर वाक्यात 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द आधी येऊ द्या, शेवटच्या परिच्छेदात नकोत.