वय ३२, बायको सगळीकडे नॉमिनी आहे, तरी मृत्युपत्र करावं का?

हो, आत्ताच करा. आपल्या जळगाव-धुळ्याकडे हा विषय काढला की घरचे म्हणतात अभद्र बोलू नको, पण कायद्याला फक्त १८ पूर्ण आणि डोकं ठिकाणावर एवढंच लागतं.

आता नॉमिनीचं. बँक खातं, शेअर्स यात नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच राहतो, शेअर्सबद्दल तर सुप्रीम कोर्टाने २०२३ ला स्पष्टच सांगितलंय. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, बायको, मुलं यांना सारखा वाटा जातो, आणि पोरगं लहान असेल तर त्याच्या हिश्श्याचा फ्लॅट विकायला त्याच्या आईलाही कोर्टाची परवानगी काढावी लागते. वडील तर या पहिल्या यादीत येतच नाहीत! म्हणजे रावेरला केळीच्या बागेत राबून ज्यांनी शिकवलं त्यांना कायद्याने काहीच नाही, हे मला फार लागतं, बापासाठी काही ठेवायचं असेल तर लिहूनच ठेवावं लागेल.

करायला अवघड नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प ड्युटी नाही, दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्याही सह्या घ्या, शक्यतो तुमच्यापेक्षा तरुण आणि ज्यांना काही मिळणार नाही असे. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण दुय्यम निबंधकाकडे करूनच टाका. पुढे मन बदललं तर नवीन करता येतं, शेवटचं धरतात. वडिलोपार्जित शेतीत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा लिहा, भावाबहिणींचा नाही.