दुसऱ्या कुंडीचं काय?

प्रश्न : मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी ‘संगीताचा रोपांच्या वाढीवर होणारा परिणाम’ हा प्रयोग केला. दोन कुंड्यांत एकेक बी लावलं. एक कुंडी माझ्या खोलीत ठेवून तिला रोज तासभर बासरी ऐकवली, दुसरी व्हरांड्यात ठेवली. पाणी दोन्हींना मोजून सारखंच. तीन आठवड्यांनी संगीत ऐकलेलं रोप चार सेंटिमीटरनं जास्त उंच होतं. परीक्षकांनी ‘हा नियंत्रित प्रयोग नाही’ असा शेरा मारला. तुलनेसाठी दुसरी कुंडी होती की! मग चुकलं काय?

उत्तर : आधी एक सांग, त्या उंच रोपाचं खोड बारीक होतं का? पानं फिकट, पिवळसर? दोन पानांमधलं अंतर लांब? तसं असेल तर ते रोप बासरीवर खूश होऊन वाढलेलं नाही, उजेडासाठी धडपडत होतं. कमी उजेडात रोपाचं खोड भराभर लांबतं. घरातली खोली आपल्या डोळ्यांना लख्ख वाटते, पण मोकळ्या व्हरांड्याच्या मानानं तिथला उजेड कितीतरी पटींनी कमी असतो. म्हणजे तू मोजलेले चार सेंटिमीटर कदाचित रोपाच्या उपासमारीचे असतील.

शेरा त्यासाठीच आहे. दोन कुंड्यांत फरक एकच हवा होता, संगीताचा. प्रत्यक्षात उजेड वेगळा, वारा वेगळा, तापमान वेगळं. व्हरांड्यातली माती वाऱ्यानं लवकर सुकते, त्यामुळे पाणी मोजून घातलं तरी मुळांपाशी ते सारखं टिकलं नसणार.

प्रदर्शनांत मला नेहमी दिसतं ते असं: सगळा जीव ‘प्रयोगाच्या’ कुंडीत. तिचे फोटो, तिची सजावट, तिच्यावर रंगीत चिठ्ठी. दुसरी कुंडी जागा मिळेल तिथे. माझं मत विचारशील तर ती दुसरीच जास्त महत्त्वाची. संगीत नसतं तर हे रोप किती वाढलं असतं, हे सांगणारी तीच एकटी. तिचं सांगणं भरवशाचं व्हायचं तर संगीत सोडून बाकी सगळं तिला पहिलीइतकंच मिळायला हवं. स्पीकरसुद्धा! चालू स्पीकर थोडा तापतो, म्हणून तिच्याजवळही तसाच स्पीकर, वीज चालू, आवाज बंद. बासरी लावायला तू रोज खोलीत जातेस, पडदा सरकवतेस, मातीला बोट लावून बघतेस. मग दुसरीकडेही तितक्याच वेळा जा.

आता संख्या. एका पुडीतल्या बिया एकाच दिवशी पेरल्या तरी रोपं कमी-जास्त उंचीची होतातच. एकास एक अशा लढतीत कोणीतरी उंच निघणारच, संगीत असो वा नसो. प्रत्येक बाजूला निदान पंधरा-वीस रोपं घे, आणि प्रत्येक रोप स्वतंत्र पेल्यात. एकाच ट्रेमध्ये वीस लावलीस आणि त्या ट्रेला पाणी जास्त झालं, तर विसाच्या वीस बिघडतात. मोजायला वीस, पण पुरावा एका ट्रेचाच. कुठला पेला कुठल्या बाजूला जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरव. हातानं निवडायला गेलं की टवटवीत कोंब नकळत संगीताकडे जातात.

राहिली खोली, आणि या विषयात खरी मेख तीच आहे. आवाज एका कोपऱ्यात कोंडता येत नाही, म्हणून दोन गट दोन खोल्यांत ठेवावे लागतात, आणि दोन खोल्या कधीच सारख्या नसतात. माझा सल्ला विचित्र वाटेल, पण पहिल्या फेरीत संगीत लावूच नकोस. दोन्ही खोल्यांत रोपं वाढव, तीन आठवड्यांनी मोज. फरक निघाला तर तो खोल्यांमुळे असण्याची शक्यता तुला आधीच दिसेल. मग संगीताची फेरी कर, आणि त्यानंतर खोल्यांची अदलाबदल करून आणखी एक. संगीतात काही असेल तर वाढ संगीताच्या मागोमाग दुसऱ्या खोलीत जाईल.

काय मोजणार आणि कितव्या दिवशी, उंची, पानांची संख्या की रोप वाळवून त्याचं वजन, हे पेरणीआधीच वहीत लिहून टाक. मी तर वजनाच्या बाजूची आहे. उंची कशी फसवते ते वर आलंच. पट्टी किंवा वजनकाटा हाताळणाऱ्याला कुठलं रोप कुठल्या गटातलं ते माहीत नको. तू स्वतः मोजलंस तर अर्ध्या सेंटिमीटरचा संशय बासरीच्या पारड्यात पडेल. एवढं करून फरक निघाला नाही, तर तो निकालही तक्त्यासकट पुढच्या प्रदर्शनात मांड. परीक्षक तुझ्याशी वाद घालायला आले तर उत्तमच.

प्रश्न : सर्दी झाली की मी एक ठरावीक औषध घेतो आणि आठवड्यात बरा होतो. इतक्या वर्षांचा स्वतःचा अनुभव हा पुरावा का मानायचा नाही?

उत्तर : कारण साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत औषधाविनाही जाते. शिवाय आपण औषध घेतो ते बहुधा सर्वांत हैराण झाल्यावर, म्हणजे उतार पडायची वेळ जवळ आलेली असतानाच. तुमच्या अनुभवात ‘औषध न घेतलेले तुम्ही’ कुठेच नाही.

१७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातले वैद्य जेम्स लिंड यांनी ‘सॅलिसबरी’ जहाजावर केलं ते म्हणूनच आठवावं. स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होणारा आजार) झालेले १२ खलाशी त्यांनी निवडले, लक्षणं शक्य तितकी सारखी असलेले. सगळ्यांना एकाच ठिकाणी ठेवलं, जेवणही एकच. मग दोघा-दोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला: सफरचंदाची साइडर, पातळ केलेलं गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, दोन संत्री आणि एक लिंबू, आणि औषधी लगदा. सहा दिवसांत फळं संपली, पण तोवर फळं खाणाऱ्या दोघांपैकी एक कामावर जाण्याजोगा झाला होता. जोडीत दोघंच, म्हणजे आजच्या मापानं प्रयोग तोकडा. तरी बाकीच्या पाच जोड्या शेजारी नसत्या तर त्या सुधारणेचं श्रेय कोणालाही देता आलं असतं.

पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. लिंड यांनी साठवणुकीसाठी फळांचा रस आटवून ठेवायचं सुचवलं. उष्णतेनं त्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार? आटवलेला रस ताज्या फळांशी त्याच पद्धतीनं ताडून बघितला असता तर गफलत उघडी पडली असती. ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात झाली ती १७९५ मध्ये.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो, महागडी जाड केबल लावली की स्पीकरचा आवाज सुधारतो. हे घरच्या घरी तपासता येईल का? किती वेळा ऐकवावं लागेल?

उत्तर : येईल. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या एक सहकारी बाई म्हणत, कपात दूध आधी ओतलं की चहा, हे चवीवरून ओळखता येतं. त्यावरून फिशर यांनी १९३५ मध्ये मांडलेली रचना तुम्हाला पुरेल. आठ कप, चार असे आणि चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून. आठातून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात, म्हणजे नुसत्या अंदाजानं सगळे बरोबर यायची शक्यता ७० मध्ये एक. तीन-तीन घेतले तर २० मध्ये एक, दोन-दोन घेतले तर सहात एक, आणि तेवढ्यावर मी तरी पैज लावणार नाही.

तेव्हा आठ वेळा ऐकवा. केबल बदलणारा मित्राला दिसता कामा नये, आणि मित्रासमोर बसून उत्तरं टिपणाऱ्यालाही कुठली केबल लागली आहे ते माहीत नको. टाप आपटून गणितं सोडवणाऱ्या हान्स नावाच्या घोड्याचं गुपित ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये असंच उलगडलं होतं. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं की घोडाही चुकायचा. एरवी तो माणसाच्या डोक्याची बारीकशी हालचाल बघून थांबत असे. आणि दोन्ही केबलींवर आवाजाची पातळी मोजून सारखी ठेवा. किंचित मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो, आणि मग परीक्षा केबलची न राहता आवाजाच्या बटणाची होते.